उघडलंस

त्या इस्पितळात कान तपासून घ्यायला जो कोणी येई, तो आधी तिच्याच हाती सापडे. तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. जिना पुसणाऱ्या मावशींपासून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ‘कानवाली’ म्हणत आणि तीही त्या नावाला निमूट ओ देई. पन्नाशीला टेकलेली, अंगानं किरकोळ, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. घरी ती आणि तिची म्हातारी आई, दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तिच्या कामाची जागा म्हणजे खोलीत बसवलेली दुसरी खोली होती. बूथ म्हणत तिला. जाड भिंती, आतून करडा मऊ थर, एक खुर्ची, कानाला लावायचे हेडफोन आणि हातात धरायचं एक बटण. जड दार बाहेरून ओढून घेतलं आणि मूठ खाली दाबली की आतल्या माणसापुरते जगातले सगळे आवाज संपत. ती बाहेर यंत्रापुढे बसे आणि दुहेरी काचेतून आत बघे. हेडफोनमध्ये बारीक शिट्टी ऐकू आली की आतल्यानं बटण दाबायचं, मग बाहेर दिवा लागे. एवढंच काम, पण त्यात ती तरबेज होती. आई-बाप पोराला दंडाला धरून आणत आणि तक्रार करत, “हा मुळी ऐकतच नाही हो!”

“ऐकत नाही की ऐकू येत नाही, ते ठरवायलाच मी बसलेय,” ती म्हणे. “ऐकू येत नसेल तर उपाय आहे. ऐकतच नसेल तर मात्र घरी न्या.”

लोक हसत. पोरही हसे आणि मुकाट्यानं आत जाऊन बसे.

एका सकाळी एक लहान मुलगी आली. तिची आई खाली राहिलेला कागद आणायला गेली आणि कानवालीनं म्हटलं, तोवर सुरुवात करू. मुलगी आत बसली. दार लागलं. दोन-तीन शिट्ट्यांना तिनं बरोबर बटण दाबलं आणि मग काय झालं कोण जाणे, तिनं हेडफोन काढून फेकले आणि दाराकडे धावली. आतली मूठ तिच्या हातानं दबेना. काचेतून तिचं उघडं तोंड दिसत होतं, दारावर आपटणारे हात दिसत होते. आवाज मात्र कसलाच नाही. कानवाली खुर्चीतून उठून दाराशी गेली आणि तिथेच थांबली. मूठ समोर होती. हात वर येईना. ती नुसती उभी राहून आतल्या मुलीकडे बघत राहिली.

रिकामी बादली घेऊन जाणाऱ्या मावशींनी ते पाहिलं. त्यांनी बादली टाकली, धावत येऊन दार उघडलं, आणि मग तो किंचाळण्याचा आवाज सगळ्या विभागात पसरला. मुलीची आई आली, माणसं जमली. कानवाली अजून तिथेच उभी होती आणि तिच्या पायांशी ओल पसरली होती. मावशींनी एकदा खाली बघितलं आणि फडकं टाकत मोठ्यानं म्हणाल्या, “बाजूला व्हा ग, माझीच बादली सांडलीय.”

विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवलं.

“मी तुला काय आज ओळखते? पण दाराशी बसणाऱ्या माणसाचा हात दाराला लागत नसेल तर तुला तिथे बसवू कशी, सांग. रजा घे. पलीकडच्या इमारतीत समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याकडे जात जा. रजा संपेपर्यंत ते दार तुला लावता-उघडता आलं पाहिजे.”

“आणि नाही आलं तर?”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “तर मग माझ्याकडे तुला द्यायला दुसरं काम नाही.”

घर तिच्याच नोकरीवर चालत होतं. हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बातमी लपून राहिली नाही. मावशी म्हणाल्या, “जा बाई, जा. नुसतं बसून बोलायचं आणि वर रजा! जाताना माझंही डोकं घेऊन जा. रिकामंच आहे, जड व्हायचं नाही.” घरी आईनं मात्र नाक मुरडलं.

“परक्या बाईपुढे तासभर बोलायला तोंड आहे, आणि घरात मी काय भिंत आहे?”

“भिंत परवडली, आई. मध्येच तोडत तरी नाही. तू मला एक वाक्य पुरं करू देतेस का?”

“बघ, बघ, मलाच बोल,” आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्या दोघींचं असंच चाले. अगं-तुगं, रुसवे, टोमणे आणि रोज सकाळी आईला न्हाणीत पाटावर बसवून घातलेली आंघोळ. शेजारपाजारच्या बायका आपल्या लेकींना तिचं उदाहरण देत.

समुपदेशक बाई वयानं अगदीच लहान निघाल्या. कानवालीला भाची असती तर एवढीच असती. खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर, तिसरी भिंतीशी, खिडकीला साधा पडदा. पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं, “दार बंद केलं तर चालेल?”

“नको,” ती पटकन म्हणाली आणि मग स्वतःलाच हसली. “दिवसभर दुसऱ्यांवर दार लावते मी.”

दार उघडंच राहिलं. पहिल्या काही भेटी नुसत्या त्या सकाळविषयी बोलण्यात गेल्या. हातात काय झालं, पायात काय झालं, काचेतून काय दिसत होतं. हळूहळू लहानपणाची गोष्ट निघाली. ती तिनं अगदी सहज सांगितली, पुष्कळदा सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट जशी सांगतात तशी. घरात जिन्याखाली अडगळीची खोली होती, कपाटाएवढी. गणित चुकलं, पेला फुटला, उत्तर द्यायला उशीर झाला, की वडील बोट दाखवत. तिनं आपल्या पायांनी आत जायचं. बाहेरून कडी लागे.

“वडील मारायचे नाहीत हो,” ती म्हणाली. “हात लावला नाही कधी. त्या काळी सगळेच बाप असे असायचे. आणि आई होती ना! आई सबंध वेळ दाराबाहेर उभी असायची. मला एकटं वाटू नये म्हणून. दाराच्या फटीतून तिची पावलं दिसायची.”

“पावलं दिसली की काय वाटायचं?”

“धीर वाटायचा.”

बाईंनी मान डोलावली.

रजा सरत चालली होती. कानवाली रोज घरी न्हाणीच्या दाराशी उभी राहून मूठ धरून बघे आणि बोटं गारठून जात. पुढच्या भेटीत ती जरा चिडूनच म्हणाली, “बोलून बोलून माझा घसा बसला, हात आहे तिथेच आहे.”

“मग आज माझ्याशी नको बोलायला,” बाई म्हणाल्या आणि भिंतीशी असलेली तिसरी खुर्ची ओढून त्यांनी तिच्यासमोर ठेवली. “इथे तुमचे वडील बसलेत असं समजा. तेव्हा जे बोलता आलं नाही ते बोला. मोठ्यानं. मी मध्ये येणार नाही.”

“रिकाम्या खुर्चीशी? कुणी बघितलं तर मला खरंच वेडी म्हणतील.”

“दार लावू?”

तिनं जरा विचार केला. “लावा,” ती म्हणाली.

दार लागलं. खुर्चीकडे बघून आधी तिला हसू आलं, मग घाम. शेवटी शाळेत फळ्यापुढे उभी राहिल्यासारखी ती बोलू लागली. “तुम्ही मला गणितं नीट समजावून दिली नाहीत. तुम्ही नुसतं विचारायचात. मी चुकले की तुम्ही बोट दाखवायचात. त्या खोलीत झुरळं होती, ते तुम्हाला माहीत होतं.” आवाज चढत गेला. “मला श्वास घेता यायचा नाही. मी हाका मारायचे, दार वाजवायचे, माझी बोटं सुजायची, ते ऐकू येत नव्हतं का? दार का नाही उघडलंस? एक कडी तर काढायची होती, का नाही उघडलंस?”

ती थांबली.

“कुणाशी बोलताय?” बाईंनी हलकेच विचारलं.

“वडिलांशी. तुम्हीच तर बसवलंत त्यांना.”

“आत्ता ‘उघडलंस’ म्हणालात. आधी ‘विचारायचात’ म्हणत होतात. वडिलांना एकेरी हाक मारायचात का कधी?”

“छे! त्यांना तू म्हणायची कुणाची टाप होती? ते पहिल्यापासून तुम्हीच. तू फक्त…”

शब्द तिच्या तोंडातच राहिला. ती उठली, पर्स घेतली आणि दार उघडून निघून गेली.

पुढच्या भेटीला ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जीभ घसरते माणसाची, तिनं स्वतःला बजावलं. ऐन रागात कुणाला व्याकरण सुचतं? त्या पोरवयाच्या बाईनं एक अक्षर पकडून ठेवलं आणि आपण त्याला एवढं महत्त्व द्यायचं? आईसारखी आई! तिला दुखलं-खुपलं तर आपण रात्र रात्र जागतो. पण त्या दिवसापासून आईनं हाक मारली की तिच्या कपाळावर आठी पडू लागली. आईचं हळू खाणं, पदार्थ चिवडणं, तेच ते बोलणं, सगळंच अंगावर येऊ लागलं. एका सकाळी आंघोळ घालताना आई ओरडली, “अगं, मोडशील हात माझा!” तिनं पाहिलं तर आईच्या दंडावर तिच्या चारी बोटांचे वळ लाल उमटलेले होते. आपण इतकं घट्ट धरलंय हे तिला कळलंसुद्धा नव्हतं.

तिनं आईचं अंग पुसलं, कपडे घातले, खुर्चीत बसवलं. मग सरळ समुपदेशक बाईंकडे गेली. वेळ ठरलेली नव्हती. ती बाकावर बसून राहिली.

“मला माझ्या हातांची भीती वाटते,” आत गेल्यावर ती म्हणाली. “एकदा दार उघडत नाहीत, आणि एकदा म्हातारीचा दंड सोडत नाहीत.”

त्या दिवशी ती फार वेळ रडली. बाईंनी पाणी दिलं, पण ‘रडू नका’ म्हणाल्या नाहीत. निघताना तिनं विचारलं, “तिला विचारू का मी? का नाही उघडलंस म्हणून?”

“ते तुम्ही ठरवायचं,” बाई म्हणाल्या. “मी एवढंच सांगेन की उत्तर मनासारखं येईलच असं नाही. ते ऐकायची तयारी असेल तर विचारा. नसेल तर न विचारताही आपण इथे काम करू शकतो.”

“ऐकायचंच काम करत आलेय मी जन्मभर,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी, दुपारी, ती आईच्या पायांची नखं कापत होती. आई खुर्चीत, ती खाली जमिनीवर. मांडीवर आईचं पाऊल होतं, सुरकुतलेलं, अंगठा जरा वाकडा. हाच अंगठा फटीतून दिसायचा.

“आई, तू दाराबाहेर उभी असायचीस.”

“हो ग. किती वेळा सांगशील तेच ते?”

“दार का नाही उघडलंस?”

आई खिडकीबाहेर बघू लागली. “झाली का नखं?”

“नाही झाली. दार का नाही उघडलंस?”

“मला उभं केलेलं असायचं तिथं,” आई म्हणाली. “तुझ्या वडिलांनी. म्हणायचे, उभी राहा आणि ऐक. रडायची थांबली की मला सांग, मग कडी काढ.”

नखं कापायचा हात थांबला. “म्हणजे मी गप्प झाले असते तर…”

“लगेच काढली असती! मी मनात म्हणायचे, गप्प बस ग बाई, गप्प बस. पण तू हट्टी. मी आलेली दिसले की जास्तच ओरडायचीस.”

“तू आलीस म्हणून ओरडायचे. मला वाटायचं, तू उघडशील.”

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“दारातून सांगायचंस ना. हळूच. गप्प बस, एवढं तरी.”

“आणि त्यांनी ऐकलं असतं तर? आत मला नसतं घातलं?” आईचा आवाज क्षणभर तीक्ष्ण झाला आणि लगेच विझला. “लग्नानंतर मीही बसलेय त्या खोलीत. तुला कधी सांगितलं नाही. तू झालीस, मोठी झालीस, मग माझं जाणं संपलं. खरं सांगू का तुला? तू आत असलीस की ते शांत असायचे. घरात तेवढा वेळ कुणी कुणाला बोलायचं नाही. मी फार दमलेली असायचे ग. भिंतीला टेकून जरा डोळे मिटायचे.”

आईनं दुसरं पाऊल पुढे केलं. मग आई म्हणाली, “दुसऱ्या पायाची राहिलीत.”

तिनं दुसऱ्या पायाची नखं कापली. एकाही बोटाला लागू दिलं नाही. खाली पडलेले तुकडे गोळा केले, कागदात बांधले.

“आता उठा,” ती म्हणाली.

आईनं चमकून तिच्याकडे बघितलं. कानवालीलाही आपलं ‘उठा’ ऐकू गेलं होतं, पण शब्द परत घ्यावा असं काही तिच्या मनात आलं नाही.

समुपदेशक बाईंना तिनं सगळं सांगितलं, एकही अश्रू न काढता. शेवटी म्हणाली, “ती सकाळ आता मला कळली. काचेसमोर मी माझ्या आईसारखी उभी होते. पोर गप्प कधी होते त्याची वाट बघत. मी आतली असते तर दार फोडलं असतं. मी बाहेरची होते.”

“आणि आत्ता?”

“आत्ता मला दोघींचा राग येतो. तिचा आणि माझा.”

“राग राहू दे,” बाई म्हणाल्या. “त्याच्यासकट दाराशी जाऊन बघू या.”

दुपारी विभाग रिकामा असताना दोघी बूथकडे गेल्या. पहिल्या दिवशी ती स्वतः आत बसली आणि बाईंनी बाहेरून दार लावलं. ठरल्याप्रमाणे तिनं हात वर करताच बाईंनी उघडलं, पण तेवढ्यात तिचा पदर घामानं भिजला होता आणि बाहेर येऊन तिला बेसिनपाशी धावावं लागलं. दुसऱ्या खेपेला बाई आत बसल्या आणि ती बाहेर उभी राहिली. बाईंनी हात वर केला. तिचा हात मुठीपर्यंत गेला, थांबला, आणि मग खाली दबला. ते चांगलं झालं असं दोघींपैकी कुणीच म्हणालं नाही. त्यांनी तेच पुन्हा पुन्हा केलं. मावशी येता-जाता बघत होत्या. एकदा म्हणाल्या, “आत मला बसवा कुणीतरी. जरा झोप तरी होईल.” त्या बिचारीला काय कल्पना, त्या बोलण्यानं कानवालीला भिंतीला टेकून डोळे मिटणारी आई दिसली.

रजा संपली त्या दिवशी ती कामावर गेली. मोठ्या मॅडम दाराशी उभ्या राहिल्या. पहिलीच आली ती नेमकी एक लहान मुलगी, कानात कापूस घातलेली, आईचा हात सोडायला तयार नसलेली.

“मी बाहेर उभी राहते हं,” आई मुलीला म्हणत होती. “घाबरायचं नाही. मी इथेच दाराबाहेर उभी आहे.”

कानवालीनं यंत्राची तार हातात घट्ट धरली.

“बाहेर नको,” ती म्हणाली. “तुम्ही आत बसा. तिच्याजवळ. फक्त शिट्टी वाजली की तिला खूण करू नका.”

दोघी आत गेल्या. तिनं दार ओढलं, मूठ दाबली. तपासणी पुरी होईपर्यंत ती बसली नाही, एक हात यंत्रावर आणि एक हात दाराच्या मुठीवर ठेवून उभी राहिली. मग दार उघडलं. मॅडमनी मान डोलावली आणि त्या आपल्या खोलीत निघून गेल्या, म्हणजे नोकरी राहिली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई खुर्चीत वाट बघत बसली होती. आंघोळीसाठी आता एक बाई येत असे. आपल्या हातांवर भरवसा नाही असं सांगून कानवालीनंच ती लावली होती.

“जमलं का ग?” आईनं विचारलं.

“जमलं. तुम्ही जेवलात?”

आईचा चेहरा पडला. “मला शिव्या दे,” ती म्हणाली. “हवं तर हात उगार. पण हे ‘तुम्ही’ नको ग. तुझ्या तोंडून ‘तुम्ही’ ऐकलं की मला त्यांचीच आठवण येते. मीही त्यांना तेच म्हणायचे.”

कानवाली दारात चप्पल काढता काढता थांबली. म्हातारी रडत होती, आवाज न करता, सवयीनं. तिला आईची दया आली. दया खोटी नव्हती. ‘अगं आई’ म्हणायला तिनं तोंड उघडलंही. पण ‘तू’ म्हटलं की त्याच्यामागून ‘उघडलंस’ येत होतं, आणि ‘तुम्ही’ म्हटलं की समोरची म्हातारी वडिलांच्या जागी जाऊन बसत होती. ती तशीच उभी राहून शब्द शोधत राहिली.

“जेवण गरम करते,” ती शेवटी म्हणाली.

आईनं मान हलवली. तेवढ्यावरच तिनं समाधान मानलं असावं.

आता त्या घरात असंच बोललं जातं, ‘तू’ही नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. पाणी काढलंय. गोळी टेबलावर आहे. आज यायला उशीर होईल. आई एकेका वाक्याला “बरं” म्हणते.